दुसऱ्याची रात्र

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती, आणि त्या दिवशी चौलच्या दत्ताची यात्रा सुरू होते ती पुढे काही दिवस चालते. भोवाळ्याच्या डोंगरावर देऊळ, वर जायला शेकडो पायऱ्या, पायथ्याशी दुकानं, पाळणे, मिठाईची पालं, आणि त्यांच्याही अलीकडे गाड्या. मार्च २०२० मध्ये मांडव्याची रो-रो सुरू झाली तेव्हापासून मुंबईची चारचाकी पेण-वडखळचा वळसा न घेता थेट समुद्रावरून अलिबाग तालुक्यात उतरते, त्यामुळे गाड्यांचा हा भाग जत्रेचं एक स्वतंत्र अंगच झाला आहे. जत्रेच्या गावांत वाहनतळ म्हणजे बहुधा भातकापणी झालेलं शेत: चार बांबू, एक दोरी, पावती फाडणारा माणूस आणि उंच खांबावर तिरका बांधलेला फ्लडलाइट. या शेवटच्या वस्तूबद्दल धर्माच्या अंगानं काही बोलणं अनेकांना अस्थानी वाटेल. वाहनतळावर किती उजेड हवा आणि त्याचं बिल किती यावं, हा वायरमनचा आणि ग्रामपंचायतीचा प्रश्न आहे, असं म्हटलं जाईल. मला तो आधी धर्माचा प्रश्न वाटतो. आपण दिवा कशासाठी लावतो आणि त्या दिव्याचा उजेड कुठवर आपला असतो, याचं उत्तर आधी ठरलं तर वायरमनचं काम सोपं होतं आणि स्वस्तही.

चौलमध्येच दिव्याच्या दोन जाती शेजारी-शेजारी दिसतात. रामेश्वराच्या देवळासमोर पुष्करिणी आहे आणि दीपमाळा आहेत. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ पेटते तेव्हा तिनं अंगण उजळावं अशी कुणाची अपेक्षा नसते. एका मेणबत्तीचा उजेड मीटरभर अंतरावर एक लक्स भरतो, आणि पणतीची ज्योत त्याहून फारशी वेगळी नाही. दीपमाळेच्या बोटांवरच्या पणत्यांनी खालची फरशी जेमतेम दिसते. तिथे पाहायची असते ती ज्योत. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईला दीपगृह आहे, त्याचंही तसंच. खलाशाला समुद्र उजळून नको असतो, दीपगृहाचा दिवा दिसायला हवा असतो. देवापुढचा दिवा आणि दर्यावर्दीचा दिवा हे दोन्ही पाहण्याचे दिवे. वाहनतळावरचा दिवा उलट्या जातीचा आहे. तिथे पायाखालचा दगड दिसावा, समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसावा, मागे घेताना गाडीमागे उभं असलेलं पोर दिसावं, आणि दिवा स्वतः दिसूच नये. जो डोळ्यांत जातो तो उजेड तिथे निव्वळ अडथळा असतो. आपली गफलत अशी झाली आहे की वाहनतळाचा दिवाही आपण दीपमाळेसारखा लावतो: जितका लांबून दिसेल तितका चांगला, जितका झगझगीत तितकं गावाचं वैभव मोठं. श्रद्धेची सवय आपण चुकीच्या खांबावर चढवली आहे.

श्रद्धेच्या दिव्याला एके काळी आपोआप माप होतं, कारण तेलाला माप होतं. देवळात नंदादीप तेवत राहावा म्हणून तेलाची सोय लावून देण्याची प्रथा जुनी आहे. त्या दानात अभिमान अखंडतेचा असे. एक लहानशी ज्योत वर्षभर विझली नाही, एवढ्यात त्याचं पुण्य होतं. या किनाऱ्यावर तेल गाळणाऱ्यांत बेने इस्रायल ज्यू होते. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. ज्यांच्या श्रमावर गावाचे दिवे चालत त्यांनीच आठवड्यातला एक दिवस कामाला आणि विस्तवाला हात लावायचा नाही असं ठरवलेलं होतं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. वीज आली आणि हे माप गेलं. आता आमदार निधीतून हायमास्ट उभा राहतो, खांबाच्या बुंध्याशी सौजन्याचा फलक लागतो, आणि पुण्य वॉटमध्ये मोजलं जातं. दान देणाऱ्याच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. पण नंदादीपाच्या दात्यानं आपल्या तेलाची ज्योत शेजाऱ्याच्या खिडकीत कधी शिरवली नव्हती.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. अस्तेय म्हणजे चोरी न करणं. पतंजलीच्या यमांत ते आहे, जैनांच्या पाच व्रतांत आहे आणि गांधीजींच्या एकादशव्रतातही आहे. वाहनतळावरचा दिवा आपण चोराच्या भीतीनं लावतो. तो वाहनतळाची हद्द ओलांडून गेला की तो स्वतःच इतरांचं काही नेऊ लागतो. काय नेतो ते स्पष्ट सांगता येतं. माणसाच्या डोळ्यात दृष्टीखेरीज दिवस-रात्रीचं भान ठेवणाऱ्या पेशी असतात, त्या निळसर उजेडाला अधिक जागतात आणि झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रोखून धरतात. शेजारच्या घरातल्या आजारी म्हाताऱ्याची झोप अशी जाते. ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून वर आली की रात्रीच्या किनाऱ्यावर जी क्षितिजरेषा अधिक उजळ, तिकडे धावतात. नैसर्गिक काळोखात ती समुद्राची असते. किनाऱ्यालगत फ्लडलाइट असला तर पिल्लं रस्त्याकडे वळतात. रायगडातच दिवेआगर आणि हरिहरेश्वरला ही कासवं अंडी घालतात, म्हणजे हा ओडिशाचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. दिव्याभोवतीच्या पतंगाला तर आपल्या कवींनी प्रेमिक ठरवलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांतून निराळंच दिसलं: कीटक उजेडाकडे पाठ वळवून उडतात, कारण आकाश ज्या बाजूला उजळ ती वरची बाजू अशी त्यांची जन्मजात समजूत असते. दिव्याजवळ आल्यावर ही समजूतच त्यांना फिरवत ठेवते आणि थकवून मारते. त्यात प्रेम नसतं, त्या जिवाची दिशाच हरवलेली असते. रात्री न जेवण्याच्या व्रतामागे जैन परंपरेनं जी कारणं सांगितली, त्यांत दिव्याभोवती आणि अन्नात मरणारे सूक्ष्म जीव हे एक कारण होतं. उजेडालाही हिंसेचा हिशेब असतो, हे आपल्याकडच्या कुणाला तरी फार पूर्वी कळलेलं होतं.

आणखी एक चोरी आहे, ती थेट धर्माचरणाची. संकष्टीला चंद्रोदय पाहून उपास सुटतो. लग्नात नवरीला अरुंधती दाखवायची असते. रमजानचा महिना चंद्रकोरीवर ठरतो. बेने इस्रायलांचा शब्बाथ संपतो तो आकाशात तीन तारे दिसल्यावर. त्यांतले बहुतेक लोक आता इस्रायलमध्ये आहेत, पण रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग उभं आहे. एका छोट्याशा किनारपट्टीवर इतक्या धर्मांनी आपलं घड्याळ आकाशात टांगून ठेवलं आहे. शिवाय हे बंदर होतं. अल् मसूदीनं दहाव्या शतकात ते पाहिलं, रशियाचा अफनासी निकितीन १४६९ मध्ये हिंदुस्थानात पहिल्यांदा इथेच उतरला, आणि त्या काळी रात्री दर्या ओलांडणाऱ्या प्रत्येक नाखव्याचा भरवसा ताऱ्यांवर होता. पंचांगात वेळ छापलेली असते, मोबाइलवर कळते, मग आकाश दिसलं नाही तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. पंचांगातली वेळ वाचून व्रत पुरं होतं हे खरं. पण मग ते व्रत छापखान्याशी बांधलेलं राहतं, चंद्राशी नाही.

या युक्तिवादावर पहिला आक्षेप तर्काचा आहे. चोरी कुणाच्या तरी मालकीच्या वस्तूची होते, रात्र कुणाच्या मालकीची आहे? कुणाच्याच नाही, हे मान्य. पण गायरानही कुणा एकाच्या नावावर नसतं, आणि त्यावर कुंपण घालणाऱ्याला गाव अतिक्रमण करणाराच म्हणतं. जे सगळ्यांचं असतं ते एकानं वापरून टाकलं तर तक्रार करायला वारस उरत नाही, म्हणून तिथे संयम अधिकच लागतो. आवाजाच्या बाबतीत आपण हे मान्य केलेलं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे जत्रेतला कर्णा रात्री दहाला बंद करावा लागतो आणि त्यानं धर्म बुडाला असं आता फारसं कुणी म्हणत नाही. उजेडासाठी तसे देशव्यापी नियम नाहीत, त्यामुळे तो आपल्या विवेकावर सोपवलेला आहे. विवेकाची कसोटी अशाच मोकळ्या जागी लागते.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा, आणि तो अधिक खोल आहे. आपली सगळी प्रार्थना अंधाराकडून प्रकाशाकडे जाण्याची. मग उजेड आवरा असं सांगणं आपल्या परंपरेशी विसंगत नाही का? बृहदारण्यकातल्या ज्या प्रार्थनेचा आधार इथे घेतला जातो, तिचा अर्थ उपनिषदानंच लगेच पुढे सांगून ठेवला आहे: इथला अंधार म्हणजे मृत्यू आणि प्रकाश म्हणजे अमृतत्व. ऋषीला दिवेलागणी सुचवायची नव्हती. आणि खऱ्याखुऱ्या रात्रीविषयी वेदांना काय वाटतं ते पाहायचं तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२७वं सूक्त आहे. तिथे रात्र देवी आहे. ती अनेक डोळ्यांनी पाहत येते, आणि गंमत म्हणजे स्वतःच्या ज्योतीनं तीच काळोख हटवते. तिच्या येण्यानं गावं विसावतात, पक्षी घरट्यात जातात. लांडगा आणि चोर यांना दूर ठेव, असं मागणंही तिच्यापाशीच आहे. शेवटाकडे उषेला विनवलं आहे की काळोख ऋणासारखा फेडून टाक, म्हणजे काळोखाचं भय त्या कवीला नव्हतं असं नाही. पण भय काळोखाचं आणि भक्ती रात्रीची, हा भेद त्यानं केला. आपण फ्लडलाइट लावतो तेव्हा दोन्ही एकत्र हाकलून देतो. म्हणून धर्माच्या नावानं अमर्याद उजेडाचं समर्थन करणाऱ्याला धर्मग्रंथांचा आधार वाटतो तितका मिळत नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो सगळ्यांत वजनदार आहे आणि त्याला नुसत्या ऋचा ऐकवून भागणार नाही. रात्री दहा वाजता दोन मुलींना घेऊन डोंगर उतरलेल्या बाईला आपल्या गाडीपर्यंत निर्धास्त जाता आलं पाहिजे, आणि तिच्या भीतीपुढे कासवाचं पिल्लू ठेवणं हा निर्दयपणा होईल. पुरावाही तिच्या बाजूनं आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींपैकी काही सोडतीनं निवडून तिथे मोठे दिव्यांचे मनोरे ठेवले. त्या वसाहतींत रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. ते मनोरे चांगलेच प्रखर होते, हेही लपवण्यात अर्थ नाही. उलट बाजूला, इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे रस्त्यावरचे दिवे मध्यरात्रीनंतर बंद वा मंद केल्यावर अपघात किंवा गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र कसे बसवायचे? मला दिसतं ते असं: उजेड पाहणाऱ्यामार्फत काम करतो. जिथे माणसं राहतात, येतात-जातात, खिडक्या उघड्या असतात, तिथे उजेडानं नजर वाढते आणि गुन्हेगाराला तिचा धाक बसतो. पहाटे तीनला रिकाम्या शेतावर जळणारा दिवा कुणालाच काही दाखवत नाही, फार तर हत्यारं शोधायला चोराला बॅटरी लागत नाही. म्हणून माणूस तिथे आहे तोवर उजेड पुरेपूर हवा, यात कंजुषी चालणार नाही. माणूस गेल्यावर तो उतरला पाहिजे आणि माणूस पुन्हा आला की चढला पाहिजे. सेन्सरवर अचानक उजळलेला दिवा ही आसपासच्या घरांना बातमी असते. रात्रभर जळणाऱ्या दिव्यात ती बातमी नसते.

त्या बाईच्या बाजूनंच विचार केला तर फ्लडलाइटविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा तिच्या डोळ्यांत आहे. तिरका लावलेला झोत समोरून आला की बाहुली आकसते, डोळ्यात पडदा उतरल्यासारखं होतं, आणि झोताच्या पलीकडे उभा असलेला माणूस नाहीसा होतो. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग धूसर होऊन हे अधिक जाणवतं, आणि यात्रेला वयस्क माणसंही येतात. उजेडातून काळोखात गेलेल्या डोळ्याला पुरतं जुळवून घ्यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे अतिप्रखर वाहनतळावरून अंधाऱ्या पाखाडीत शिरणारा माणूस काही काळ जवळजवळ आंधळा असतो. किती उजेड पुरतो, यालाही उत्तर आहे. पूर्ण चंद्राचं चांदणं फार तर पाव लक्स भरतं. उघड्या वाहनतळांसाठीचं युरोपीय मानक कमी वर्दळीला सरासरी ५ लक्स, मध्यम वर्दळीला १० आणि दाट वर्दळीला २० लक्स मागतं, आणि त्याबरोबर सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यातला उजेड सरासरीच्या चौथाईखाली जाऊ नये असंही सांगतं. ५ लक्स म्हणजे चांदण्याच्या वीसपट. सुरक्षितता ठरते ती बहुतेक या दुसऱ्या अटीवर. मधोमध एक सूर्य आणि कडेला गाड्यांच्या लांब सावल्या ही रचना घातक असते. त्यापेक्षा कमी उंचीचे, कमी वॉटचे, खाली तोंड केलेले चार दिवे सरस पडतात. खांबाची उंची दुप्पट केली की त्याच दिव्याचा बरोबर खालचा उजेड चौथाईवर येतो, मग तो भरून काढायला वॉट वाढतात, आणि वाढलेले वॉट शेजाऱ्याच्या वाडीत सांडतात. या किनाऱ्यावर वाऱ्याचाही विचार करावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात विजेचे खांब ठिकठिकाणी आडवे झाले. आखूड खांब वाऱ्याला कमी अडवतो, आणि खारट हवेनं गंजलेलं फिटिंग बदलायला क्रेन मागवावी लागत नाही.

रंगाचा निर्णयही याच हिशेबात बसतो. दुकानात स्वस्त मिळणारी दुधी-निळसर एलईडी ६५०० केल्विनची असते. निळा उजेड हवेत अधिक विखुरतो. स्वच्छ हवेत ४५० नॅनोमीटरचा उजेड ६०० नॅनोमीटरच्या पिवळ्या-नारिंगी उजेडापेक्षा साधारण तिप्पट फाकतो. आकाश पांढुरकं होतं ते यामुळे. ३००० केल्विन किंवा त्याखालचा उबदार रंग निवडला तर झोप, कीटक आणि तारे तिघांचंही नुकसान कमी होतं, आणि चेहरा ओळखण्यात काही उणं पडत नाही. विजेचा हिशेब तर साधा आहे. शंभर वॉटचे दहा दिवे बारा तास जळले की १२ युनिट. तेच दिवे रात्री अकरा ते पहाटे पाच तीस टक्क्यांवर आणले की ७.८ युनिट. एकही दिवा न काढता ३५ टक्के बचत होते.

इथे चौथा आक्षेप येतो, आणि तो बचतीच्या पोटातूनच येतो: एलईडीमुळे वीज इतकी कमी लागते की जपून वापरायचं कारणच काय? याचं उत्तर १८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं कोळशाबद्दल दिलं होतं. इंजिन कमी कोळशात चालू लागलं की कोळशाचा खप घटत नाही, वाढतो. उजेडाचं तसंच झालं. उपग्रहांच्या नोंदींनुसार २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरचा कृत्रिम उजेडानं उजळलेला भाग दरवर्षी २.२ टक्क्यांनी वाढत गेला, आणि एलईडी नेमकी त्याच काळात पसरत होती. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हौशी निरीक्षकांनी डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी केल्या, त्यांवरून आकाशाची झळाळी दरवर्षी सुमारे ९.६ टक्क्यांनी वाढल्याचा हिशेब निघाला. यंत्र काटकसरी झालं आणि माणूस उधळा. अपरिग्रह हे व्रत म्हणून का सांगितलं जातं, ते इथे कळतं. टंचाईत प्रत्येकजण संयमी असतोच, त्याचं व्रत करायची वेळ मुबलकता आल्यावर येते.

मुंबईचा झगमगाट उत्तरेच्या क्षितिजावर असताना चौलच्या चार खांबांनी काय साधणार, असंही कुणी म्हणेल. आकाशातल्या झळाळीपुरतं ते काहीसं खरं आहे. पण शेजाऱ्याची खिडकी, पोफळीच्या वाडीतले कीटक, देवळाच्या अंगणातली नजर, हे सगळं शंभर-दोनशे मीटरच्या आत घडतं, तिथे मुंबईचा दोष सांगून सुटका नाही. आणि ठरवलं तर महाराष्ट्रातच उदाहरण आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक सार्वजनिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले दिवे बसवले गेले. गावं अंधारात ढकलली गेली नाहीत, फक्त उजेडाला आपली जागा दाखवून देण्यात आली.

चौलला तर योग चांगला जुळला आहे. त्रिपुरी आणि दत्तजयंती दोन्ही पौर्णिमेच्या. त्रिपुरीच्या संध्याकाळी रामेश्वरासमोरचा रस्त्याचा आणि गाड्यांचा प्रखर उजेड दीपमाळ जळते तेवढा वेळ मंद करायला हवा, नाहीतर पणत्यांमागे फ्लडलाइट ठेवून आपण आपलाच उत्सव पुसून टाकतो. दत्ताच्या यात्रेत मात्र पायऱ्यांवर आणि पायऱ्यांपासून वाहनतळापर्यंतच्या वाटेवर शेवटचा माणूस उतरेपर्यंत दिवा कमी करू नये. तिथे काटकसर दाखवणारा जबाबदारी टाळतो असं मी म्हणेन. वाहनतळाचा ठेका जिथे लिलावानं जातो, तिथे अटींच्या कागदावर स्वच्छता, पावतीचा दर आणि दंड असतोच. त्याखाली आणखी चार अटी मावतात: दिव्याचं तोंड जमिनीकडे, रंग ३००० केल्विनच्या वर नाही, हद्दीबाहेरच्या घराच्या भिंतीवर झोत पडला तर त्याच रात्री दिवा वळवून देणं ठेकेदारावर बंधनकारक, आणि शेवटची गाडी गेल्यावर एक राखणीचा दिवा सोडून बाकीचे बंद. तो राखणीचा दिवा कुठला असावा हे शेजारच्या घरांना विचारून ठरवावं.